उणे पस्तीस

१

सकाळी साडेसहाला इराची शाळेची बस निघून जायची. त्यानंतर नानांचा चहा, त्यांच्या डोळ्यांत थेंब, त्यांची आंघोळ, आणि आठच्या ठोक्याला स्काइप. दोन हजार चौदाच्या जानेवारीपासून मैत्रेयीच्या दिवसाची अशी घडी बसली होती. ती बसवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

प्रसन्न विनिपेगला गेला होता तो पंधरा दिवसांसाठी. कंपनीचं कॅनडातलं एक काम अडून बसलं होतं, ते तो मार्गी लावून येणार होता. "पंधरा म्हणजे पंधरा, सोळावा नाही," बॅगेची चेन ओढताना तो म्हणाला होता. त्या पंधरा दिवसांचे आधी सहा आठवडे झाले, मग परतीची तारीख मार्चअखेरवर गेली. सिंगापुरात सहा वर्षं डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, घरी बसल्यावर मैत्रेयीला सेरंगूनच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. सहा जानेवारीला रुजू व्हायचं होतं. चार तारखेला प्रसन्नचं विमान सुटलं. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मुलगी आठ वर्षांची. घरात कुणीतरी हवंच होतं, आणि ते कुणीतरी कोण हे बोलायचीही कुणाला गरज वाटली नाही. तिनं क्लासला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर ओट्यावरची सगळी भांडी पुन्हा घासून काढली. राग आला की तिच्या हातातली भांडी बोलायची. घरात सगळ्यांना त्याची सवय होती. प्रसन्न अशा वेळी उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

आता तो फारच लांबच्या खोलीत जाऊन बसला होता.

स्क्रीनवर तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. कंपनीनं घेऊन दिलेलं छोटं लाकडी घर, मागे पिवळा दिवा, खिडकीत मिट्ट काळोख. इकडे बेडोकच्या घरात, सातव्या मजल्यावर, पंखा फुल, तरी मानेवरून घाम ओघळतोय. प्रसन्न कौतुकानं थंडीच्या गोष्टी सांगायचा. नाकातले केस गोठतात. गाडीला रात्रभर विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी चालू होत नाही. नळाची धार बारीक सोडून ठेवायची, नाहीतर पाइपात बर्फ होतं.

"आज उणे पस्तीस," तो म्हणाला.

"मजा आहे," ती मेथी निवडत म्हणाली. "मी इथं नानांना धरून बाथरूममध्ये नेते, तेव्हा तू बर्फ बघत असतोस."

तो हसला नाही, चिडलाही नाही. पाणी प्यायला उठला आणि त्याच्या मागचं स्वयंपाकघर दिसलं. ओट्याच्या ड्रॉवरच्या मुठीला फडकं बांधलेलं होतं. तिरकं दुमडून एक गाठ, गाठीचं टोक आत खोचलेलं. फडकं घसरून पडू नये म्हणून मैत्रेयी तसं बांधायची. बारा वर्षांच्या संसारात प्रसन्ननं फडकं कुठल्या मुठीला अडकवल्याचं तिला आठवत नव्हतं. ओट्यावर, खुर्चीवर, एकदा तर फ्रिजमध्ये, असं कुठंही टाकून तो मोकळा व्हायचा.

म्हणजे तिथं गेल्यावर जमलं याला, असं तिच्या मनात आलं, आणि मेथीची काडी तिनं नको इतकी जोरात मोडली.

२

पुढच्या आठवड्यात तो कॅमेऱ्यासमोर थालीपीठ खात होता.

"कुठून आणलंस?"

"घरीच."

"कुणी केलं?"

तो चावता चावता थांबला, जणू प्रश्नच विचित्र होता. "झालं," म्हणाला आणि लोण्याचा गोळा थालीपीठावर पसरत राहिला. थालीपीठाच्या मध्यभागी एक भोक होतं आणि भोवती चार. तेल सोडायला मैत्रेयी पाच भोकं पाडायची. तिची आई तीन पाडायची. प्रसन्नला आमलेटसुद्धा धड उलटता यायचं नाही.

त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. बाई आहे, हे तिच्या डोक्यात इतकं लख्ख बसलं की विचारायला काही उरलंच नाही. कुणीतरी मराठी असणार, ऑफिसातली नाहीतर शेजारची. दिवसभर तिनं तिला नावं दिली, चेहरे दिले. नानांना भात वाढताना वाटी इतकी आदळली की त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. जेवा."

रविवारी इरा घरी होती. तिनं बापाला शाळेतलं चित्र दाखवलं, पडलेला दात दाखवला, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघून हात हलवला आणि पळाली. मैत्रेयीनं तिला आतल्या खोलीत गाठलं.

"कुणाला हात केलास गं?"

"यू लाह," शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत उत्तर आलं.

"मी तुझ्या शेजारी बसले होते, इरा."

"दॅट वन ऑल्सो यू," इरा म्हणाली. डोकं वर न काढता ती चित्रातल्या घराला लाल छप्पर रंगवत होती. "बिहाइंड बाबा. तू केस बांधत होतीस."

मैत्रेयीनं मनाशी हिशेब लावला. स्काइपच्या कोपऱ्यात आपलीच छोटी चौकट दिसते, पोरीनं तीच पाहिली असणार. पण त्या सकाळी तिनं केस बांधलेच नव्हते. नुकतेच धुतले होते, ओले, मोकळे सोडले होते.

३

फेब्रुवारीच्या मध्याला नाना बाथरूममध्ये पडले. शुक्रवारची दुपार होती. तिनं त्यांना एकटीनं उचललं, टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पाच तास काढले. कपाळाला सहा टाके पडले, मनगटाला प्लॅस्टर आलं. मधेच इराला शेजारच्या टॅन आंटीकडे सोडायला सांगण्यासाठी बसच्या माणसाशी फोनवर वाद घातला. विनिपेगला तेव्हा मध्यरात्र उलटलेली. तिनं प्रसन्नला नऊ वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

शनिवारी सकाळी आठला तो स्क्रीनवर आला. दाढी केलेली, गाल भरलेले, अंगावर धुतलेला इस्त्रीचा शर्ट.

"नऊ वेळा फोन केला मी."

"झोपलो होतो गं. मग ऑफिस. तसं काही विशेष नव्हतं ना?"

तिनं सांगितलं. टाके, प्लॅस्टर, पाच तास, रक्तानं भरलेला टॉवेल, सगळं. आवाज चढत गेला. आतून नाना म्हणाले, "राहू दे, सूनबाई." ती थांबली नाही. गेले दीड महिने जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. तिची नोकरी, तिची झोप, बापाचं दुखणं तिच्या गळ्यात टाकून बर्फात जाऊन बसणं.

प्रसन्न गोंधळून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण तूच तर म्हणालीस नाना बरे आहेत. काळजी करू नकोस म्हणालीस."

"मी? कधी?"

"आज सकाळीच. चहा देताना."

तिकडे नळाची बारीक धार सिंकमध्ये पडत होती, तेवढाच आवाज. मग प्रसन्ननं डोळे चोळले.

"म्हणजे फोनवर," तो म्हणाला. "फोनवरच म्हणाली असशील."

"नाना पडल्यापासून मी तुझ्याशी बोललेच नाही."

"मग स्वप्न पडलं असेल," तो म्हणाला. हे म्हणताना त्याची नजर कॅमेऱ्याच्या वर, उजवीकडे गेली आणि क्षणभर तिथंच थांबली. समोरच्या माणसानं खूण केली की आपण थांबतो, तसा तो थांबला. "नंतर बोलू," म्हणून त्यानं कॉल बंद केला.

४

सविता ही मैत्रेयीची पुण्याची मैत्रीण. कॉलेजची पाच वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. लग्नानंतर ती विनिपेगला गेली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. मैत्रेयीनं आजवर तिला या भानगडीत ओढलं नव्हतं. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग मोठा झाला होता.

"जा आणि बघून ये," तिनं फोनवर सांगितलं. "न सांगता जा. कोण आहे ते बघ आणि मला सांग. चांगले चार शब्द सुनावलेस तरी चालेल."

"अगं, प्रसन्न तसला नाही."

"तू जा फक्त."

सविता रविवारी दुपारी गेली. मैत्रेयीचा फोन वाजला तेव्हा सिंगापुरात सोमवारची पहाट संपून खाली बसेस सुरू झाल्या होत्या. सविता गाडीतून बोलत होती, हीटरची घरघर ऐकू येत होती. ती रागावलेली वाटत होती.

"काय गं मैत्रेयी, ही काय थट्टा?"

"कसली थट्टा?"

"यायचं होतं तर सांगायचं. मी आपली सिंगापूरला समजतेय तुला. एवढ्या थंडीत मी तडफडत आले आणि तू दार बोटभर उघडून म्हणतेस, तो झोपलाय, नंतर ये. आत ये म्हणालीसुद्धा नाहीस."

मैत्रेयी ओट्याला टेकली. "सविता, मी बेडोकला आहे. कॅलेंडर समोर आहे माझ्या. इरा मोजे घालतेय."

पलीकडे सवितानं हीटर बंद केला.

"तू मला सवडी म्हणालीस," सविता हळूच म्हणाली. "सवडी म्हणून कोण हाक मारतं मला? तू एकटी."

"नीट पाहिलंस?"

"दार बोटभरच उघडलं होतं. पण आवाज तुझा. आणि हात तुझा, बांगडीसकट." मग ती थांबली. "एक सांगू? तू हसत होतीस. मी एवढी बोलत होते तुला, थंडीनं माझे दात वाजत होते, तरी तू आपली गोड हसत उभी. मला वाटलं, हिला झालंय काय. तू कधीची अशी?"

संध्याकाळी सविताच्या नवऱ्यानं फोन केला. शहाणा माणूस, इंजिनिअर. त्याचं म्हणणं, त्या जुन्या घरांतल्या, हवा गरम करणाऱ्या भट्टीतून विषारी वायू गळतो, माणसाला भास होतात, तपासून घ्यायला हवं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. भट्टी ठीक होती. आणि सविता तर घरात पाऊलही टाकू शकली नव्हती.

मैत्रेयीनं तरी त्या वायूला धरून ठेवायचा प्रयत्न केला. दोन दिवस धरलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी खुपतंय. ती बाई हसत होती. माझं तोंड घेऊन हसत होती.

५

"लॅपटॉप उचल," ती म्हणाली.

"कशाला?"

"उचल म्हणते ना. स्वयंपाकघर दाखव."

प्रसन्न नको म्हणेल असं तिला वाटलं होतं, पण त्यानं मुकाट्यानं उचलला. चित्र हिंदकळलं. सोफा गेला, दिवा गेला, अरुंद बोळ आला. बोळाच्या टोकाला उजेड होता आणि काहीतरी शिजल्याचा रटरट आवाज. प्रसन्नच्या श्वासाची वाफ कॅमेऱ्यासमोरून गेली. घरात वाफ कशी, असं तिच्या मनात येतंय तोवर तो उंबऱ्यात पोचला होता.

मागचं दार सताड उघडं होतं. बाहेर काळोख, आणि काळोखातून बर्फ आत येत होतं. सावकाश, सवयीचं असल्यासारखं. फरशीवर ते फ्रिजपर्यंत साचलं होतं. त्यावर पावलं उमटली होती. बोटं दिसत होती, म्हणजे अनवाणी. दारापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून दारापर्यंत, बऱ्याच फेऱ्या झालेल्या.

शेगडीपाशी चौकटीच्या अगदी कडेला एक कोपर दिसत होतं आणि गाऊनची पाठ. पांढऱ्यावर निळी फुलं, पातळ सुती. मैत्रेयीनं खाली पाहिलं. तोच गाऊन तिच्या अंगावर होता, काखेत घामानं भिजलेला.

न बघता एक हात वर गेला आणि फळीवरून मीठ घेऊन खाली आला.

"दार लाव आधी," मैत्रेयी म्हणाली. इतकं सगळं बघून पहिलं तेच तोंडातून निघालं.

"राहू दे," प्रसन्न म्हणाला. "तिला गरम होतं."

"कुणाला?"

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. त्याच्या भुवयांवर बर्फाची बारीक पूड होती, चेहरा मात्र स्वस्थ. असा स्वस्थ चेहरा तिनं त्यांच्या संसारात कधी पाहिला नव्हता.

"तुला," तो म्हणाला.

मग स्क्रीन कडांपासून पांढरी होत गेली, मधे त्याचं नाक तेवढं उरलं, तेही गेलं.

मैत्रेयीला आधी वाटलं आपण घाबरलोय, पण तो राग होता. मग तिनं प्रसन्नच्या साहेबांना, निशिकांत दाणींना फोन लावला आणि जन्मात बोलली नव्हती इतकं थंड खोटं बोलली. सासरे शेवटच्या घटका मोजताहेत, नवऱ्याला परवाच्या विमानात बसवा, नाहीतर मी इराला घेऊन तुमच्या ऑफिसात येऊन बसते. दाणी काही न विचारता हो म्हणाले.

६

तो चौथ्या दिवशी आला. अंगानं सुधारलेला, शांत. नानांच्या पाया पडला, त्यांना हिंडताफिरताना बघून काही म्हणाला नाही. इराला चॉकलेटं दिली. मैत्रेयीकडे त्यानं असं पाहिलं, जसं सकाळीच भेट झालेल्या माणसाकडे बघतात.

बॅग तिनं उघडली. मोजे गोळा करून बुटांत कोंबलेले, शर्टांच्या मधे वर्तमानपत्राचे कागद, औषधं वेगळ्या पिशवीत. तिच्या हातची बॅग. आतल्या कपड्यांना दोन दिवसांच्या प्रवासानंतरही फ्रीजरमधून काढल्यासारखा गारवा होता. तिनं ते सगळे कपडे तसेच मशीनमध्ये घातले आणि सगळ्यात गरम पाण्यावर धुतले.

आठवडाभर ती बोलली नाही, तोही बोलला नाही. ऑफिसातून यायचा, जेवायचा, ताट सिंकमध्ये ठेवायचा, खिडकीत जाऊन उभा राहायचा. शनिवारी सकाळी नाना खाली फिरायला गेले होते, इरा पोहायला. मैत्रेयी इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली.

"दोन महिन्यांत एक दिवस तरी माझी आठवण आली तुला?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, हे तिला दिसलं.

"कशी येणार?" तो म्हणाला. "तू होतीस ना तिथं."

"मी इथं होते. तुझ्या बापाचं रक्त पुसत होते. मी इथं पोरीला उठवत होते, डबे भरत होते, आणि तुझ्या नावानं ओरडत होते. ओरडणारी ती मी. न ओरडणारी कुणीतरी दुसरी आहे, हे तुला दोन महिने कळलं नाही?"

प्रसन्न खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवत राहिला.

"कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मग?"

"मग काय. दमून घरी यायचो. जेवण गरम असायचं. कुणी चिडत नव्हतं." तो तिच्याकडे वळला आणि अगदी मनापासून, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला, "मैत्रेयी, ती तूच होतीस गं. फक्त तुला राग येत नव्हता."

बारा वर्षांत तिनं खूप भांडी आदळली होती. त्या क्षणी तिच्या हातात आदळायला काही नव्हतं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली. "राग काढून घेतलास तर माझ्यात उरतं काय? मला राग येतो म्हणून हे घर चाललंय. मला राग आला म्हणून तुझा बाप टॅक्सीत बसला, मला राग आला म्हणून तू परत आलास. तिला तुझं काय पडलंय? दार उघडं टाकून तुला बर्फात बसवत होती ती."

"मला थंडी वाजत नव्हती," तो म्हणाला.

"आता कुठं आहे ती?"

तो पुन्हा खिडकीकडे वळला. खाली कुणीतरी लिफ्टचं दार धरून ठेवलं असावं, ते टिंग टिंग वाजत राहिलं.

७

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती साडेदहाला बाजारात गेली. निघताना सगळे घरात होते. लाकडी दार उघडंच होतं, कारण रविवारी वारा यावा म्हणून ते उघडंच असायचं, नुसतं जाळीचं लोखंडी दार लावलेलं. बाजारात गर्दी होती. तिनं भेंडी घेतली, नारळ खवून घेतला, कोथिंबिरीची जुडी घेतली. उन्हानं डांबर वास मारत होतं, आणि त्या उन्हात तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. सोमवारी क्लासला फोन करायचा, जागा अजून आहे का विचारायचं, असं तिनं ठरवलं. प्रसन्नला विचारायचं नाही. सांगायचं.

बाराच्या सुमाराला ती लिफ्टमधून बाहेर आली. टॅन आंटी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांना पाणी घालत होती. मैत्रेयीला बघून तिनं पाण्याचा डबा खाली ठेवला.

"एह, यू गो डाऊन अगेन, इज इट?" ती म्हणाली. "जस्ट नाऊ यू कम बॅक ऑलरेडी. आय टॉक टू यू, यू ओन्ली स्माइल."

मैत्रेयीनं पिशव्या उचलल्या आणि चालू लागली. धावली नाही. पाय आपोआप भरभर पडत होते.

लाकडी दार बंद होतं. जाळीच्या दारावर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी दिसत होतं. तिनं दाराची मूठ धरली आणि हात झटकन मागे घेतला. तळव्याची कातडी ओढली गेली, लाल झाली. किल्ली कुलपात जाईना. भोकात बर्फ भरलं होतं. कॉरिडॉरमध्ये बत्तीस डिग्री उकाडा होता, पलीकडच्या ब्लॉकवर काठ्यांना वाळत घातलेले कपडे सरळ लोंबत होते, त्यांचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

कॉरिडॉरच्या बाजूला स्वयंपाकघराची काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती. पट्ट्या अर्ध्या उघड्या होत्या. त्यांतून फोडणीचा वास आला आणि त्याच्यामागून गार हवा.

आत ताटं मांडली जात होती. तिनं मोजली. एक, दोन, तीन, चार.

"वाढू का मी?" प्रसन्नचा आवाज आला. बारा वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

इरा काहीतरी बोलली आणि हसली. नाना खुर्ची ओढून बसले, प्लॅस्टरचा हात टेबलाला लागून खट् वाजला.

मैत्रेयीच्या हातातून पिशव्या सुटल्या. डोक्यात रक्त चढलं. माझं घर, माझी ताटं, माझी पोर. तिनं दोन्ही मुठींनी जाळीचं दार बडवायला सुरुवात केली. लोखंड हाताला चावत होतं, तरी ती बडवत होती. "दार उघड, प्रसन्न. दार उघड. ती मी नाही. इरा, दार उघड." टॅन आंटी मागे काहीतरी म्हणत होती, ते तिला ऐकू आलं नाही.

खिडकीशी हालचाल झाली. काचेमागून निळ्या फुलांची बाही पुढे आली, मग हात. तिचाच हात, बांगडीसकट. त्यानं खिडकीची दांडी धरली आणि सावकाश खाली ओढली. काचेच्या पट्ट्या एकीवर एक मिटत गेल्या.

मैत्रेयी बडवतच होती. आतून नानांनी विचारलं, "कोण गं वाजवतंय दार?"

"कुणी नाही, वारा आहे," तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. आवाजात जरासुद्धा राग नव्हता. "तुम्ही जेवा, नाना."